थ्रीडी प्रिंटरवर कान तपासणीचा छोटा प्रोब: नवख्यांसाठी पायरीपायरीने

प्रोब म्हणजे कानाच्या नळीत टोक बसवून आवाज सोडणारा आणि परत येणारा आवाज मायक्रोफोनने टिपणारा छोटा तुकडा. माझा पहिला प्रोब दिसायला फार देखणा झाला होता. करड्या रेझिनचा (यूव्ही प्रकाशात कडक होणाऱ्या द्रव प्लास्टिकचा), गुळगुळीत, टोकाशी जेमतेम चार मिलिमीटर जाडीचा. फक्त त्याचा मायक्रोफोन जवळजवळ बहिरा होता. मी आधी सर्किट तपासलं, मग सोल्डरिंग पुन्हा केलं, मग मायक्रोफोनच बदलून पाहिला. आठवडाभर असं चालल्यावर एका संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च मागून धरून छिद्रातून डोकावलो. उजेड येत होता, पण दुधी काचेतून यावा तसा. नळीच्या मधोमध कडक झालेल्या रेझिनचा पातळ पापुद्रा बसला होता. धुताना आत राहिलेला एक थेंब यूव्ही दिव्याखाली जागच्या जागी घट्ट झाला होता. चूक सर्वस्वी माझी. नळीत तार घालून पाहायला दोन सेकंद लागले असते.

हा किस्सा आधी सांगायचं कारण असं, की या कामाची मेख त्यातच आहे. छापताना आपलं सगळं लक्ष प्लास्टिककडे असतं, आणि आवाज जातो हवेतून. नळीची लांबी, छिद्राचा व्यास, मायक्रोफोनसमोर उरलेला इवलासा खड्डा, टोक आणि कानाची भिंत यांमधली फट, यांवर प्रोब चालणार की नाही ते ठरतं. प्लास्टिक ती हवा धरून ठेवायला असतं, इतकंच. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे डोक्यात ठेवून वाचा.

आधी ठरवा, मोजायचं काय?

कान तपासणीची उपकरणं ढोबळमानाने तीन जातींची. पहिली ऑडिओमीटरची. हेडफोनमधून २५० ते ८,००० हर्ट्झचे सूर देतात आणि ऐकू आलं की माणूस बटण दाबतो. इथे प्रिंटरला फारसं काम नाही. खोकं छापा, बटणाची मूठ छापा, पण हेडफोनच्या गाद्यांना हात लावू नका. त्या हेडफोनचं कॅलिब्रेशन त्याच गाद्यांसह केलेलं असतं. गादी बदलली की आकडे गेले.

दुसरी टिम्पॅनोमीटरची. कान हवाबंद करून आतला दाब साधारण +२०० पासून −४०० डेकापास्कलपर्यंत बदलतात आणि २२६ हर्ट्झचा सूर सोडून कानाचा पडदा किती सहज हलतो ते पाहतात. (सहा महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी १,००० हर्ट्झचा सूर वापरतात.) २२६ हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे सोय आहे. या वारंवारितेला १ घन सेंटिमीटर हवेची ध्वनिक ग्राह्यता, म्हणजे आवाजाच्या दाबाला ती किती सहज हलते त्याचं माप, बरोबर १ मिलिम्हो (या मापाचं एकक) भरते, त्यामुळे हिशेब सरळ घन सेंटिमीटरमध्ये मांडता येतो.

तिसरी ओटोअकॉस्टिक एमिशनची, म्हणजे ओएईची. निरोगी आतला कान आवाज नुसता ऐकत नाही, स्वतःही अगदी क्षीण आवाज करतो. डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये हे दाखवून दिलं. हा आवाज शंखातल्या (आतल्या कानातल्या शंखाकृती भागातल्या, म्हणजे कॉक्लियातल्या) बाह्य केसपेशींच्या हालचालीतून येतो, उलट्या वाटेने मधल्या कानातून कानाच्या नळीत पोचतो आणि तिथे चांगल्या मायक्रोफोनने पकडता येतो. माणसाला बटण दाबावं लागत नाही, म्हणून नवजात बाळांची पहिली तपासणी बऱ्याचदा यानेच होते.

नवख्याने ओएईपासून सुरुवात करावी असं माझं मत. दाबाच्या भानगडीत पहिल्याच प्रयत्नात पडू नका. नळ्या, पिचकारी आणि प्रोब मिळून ५ मिलीलीटर बंद हवा असेल, तर पिचकारीचा दट्ट्या फक्त ०.१ मिलीलीटर आत गेला तरी दाब दोन टक्क्यांनी, म्हणजे सुमारे २०० डेकापास्कलने वाढतो. हाताच्या किंचित झटक्यात मर्यादा ओलांडली जाते, आणि पलीकडे कानाचा पडदा असतो. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये स्मार्टफोनला जोडलेला ओएई प्रोब आणि टिम्पॅनोमीटर या दोन्हींवर निबंध प्रसिद्ध केले आहेत. म्हणजे छोट्या, स्वस्त भागांतून हे जमतं यात शंका नाही. पण ते मोठ्या चमूचं काम आहे, आणि आपण एकेक पायरी चढू.

सामान

ओएईचे दोन मुख्य प्रकार आहेत. आपण डिस्टॉर्शन प्रॉडक्ट प्रकार घेऊ, कारण त्याचं गणित स्वच्छ आहे. कानात एकाच वेळी दोन सूर सोडायचे. वरच्या सुराची वारंवारिता खालच्याच्या १.२२ पट. खालचा सूर ६५ डेसिबल, वरचा ५५. निरोगी कान यातून तिसराच एक सूर तयार करतो: खालच्याची दुप्पट वजा वरचा. उदाहरणार्थ वरचा ४,००० हर्ट्झ, खालचा ३,२७९, तर कानाचा स्वतःचा सूर २,५५८ हर्ट्झवर. तो दिलेल्या सुरांपेक्षा बहुधा ५० ते ६० डेसिबलने क्षीण असतो. दाबात मोजलं तर काहीशे ते हजार पटींनी लहान.

म्हणून स्पीकर दोन लागतात. एकाच स्पीकरमधून दोन्ही सूर सोडले, तर स्पीकर स्वतःच तो तिसरा सूर तयार करतो आणि तुम्ही स्पीकरची तपासणी करत बसता. इअरफोनमध्ये आणि श्रवणयंत्रांत वापरतात ते बॅलन्स्ड आर्मेचर जातीचे दोन छोटे स्पीकर घ्या. मायक्रोफोन कमी गोंगाटाचा मेम्स जातीचा, म्हणजे चिपवर घडवलेला इवलासा. बरेचसे ३.५ बाय २.६५ मिलिमीटरच्या डबीत येतात आणि आवाजाचं छिद्र तळाशी असतं. याशिवाय मायक्रोफोन-स्पीकर संगणकाला जोडणारं २४ बिटचं ऑडिओ इंटरफेस, संगणक, तयार सिलिकॉन किंवा फोमच्या इअर टिप, एक चांगला व्हर्नियर आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू. तराजू कशाला, ते पुढे कळेल.

प्रिंटरबाबत स्पष्टच सांगतो. प्रोबचं टोक फिलामेंटच्या (प्लास्टिकची तार वितळवून थर देणाऱ्या) प्रिंटरवर छापू नका. ०.४ मिलिमीटरच्या नोझलने १ मिलिमीटरचं छिद्र काढायला गेलात, तर ते कधी ०.७ चं येतं, कधी लंबगोल, कधी मधे धागा लोंबतो. शिवाय थरांमधून हवा गळते. फिलामेंट खोक्यासाठी, केबलच्या क्लिपसाठी, टेबलावरच्या स्टँडसाठी उत्तम. टोकासाठी रेझिनचा प्रिंटर, ५० मायक्रॉन किंवा त्याहून पातळ थरांचा. पावडरवर लेझर मारून होणारी नायलॉनची छपाई बाहेरून करून मिळते, मजबूतही असते, पण अरुंद नळ्यांत पावडर अडकते आणि पृष्ठभाग खरखरीत येतो.

आता खरखरीतपणाने काय बिघडतं? हवा नळीच्या भिंतीला चिकटून असते. १,००० हर्ट्झला त्या चिकट थराची जाडी साधारण ०.०७ मिलिमीटर, १०० हर्ट्झला ०.२ च्या वर. १ मिलिमीटर व्यासाच्या नळीत हा थर दोन्ही बाजूंनी जागा खातो. व्यास ०.८ वर आला की नुकसान भराभर वाढतं, आणि भिंत ओबडधोबड असली तर एका छपाईचा प्रोब दुसऱ्यासारखा वागत नाही. प्रोबमध्ये एकसारखेपणा हवा. थोडा आवाज कमी आला तर तो वाढवता येतो, दर छपाईला वेगळा आला तर काही करता येत नाही.

हवा आधी काढा

थ्रीडी चित्र काढायच्या (कॅड) सॉफ्टवेअरपैकी फ्रीकॅड, ओपनएससीएडी, फ्यूजन, हाताला सवय असेल ते घ्या. पण क्रम उलटा ठेवा. आधी हवेचे भाग घन वस्तू म्हणून काढा: दोन स्पीकरांच्या नळ्या, मायक्रोफोनची नळी, मायक्रोफोनसमोरचा खड्डा. मग भोवती प्रोबचं अंग काढा आणि त्यातून हवेचे भाग वजा करा. याचा मोठा फायदा म्हणजे प्रत्येक हवेच्या भागाचं आकारमान सॉफ्टवेअर आयतं सांगतं. ते आकडे वहीत उतरवून ठेवा.

टोकात तीन छिद्रं बसवायची आहेत. १ मिलिमीटरची तीन छिद्रं त्रिकोणात मांडा, दोन छिद्रांमध्ये ०.६ मिलिमीटर भिंत आणि बाहेरूनही ०.६ ठेवा, की टोकाचा बाहेरचा व्यास जवळजवळ बरोबर ४ मिलिमीटर येतो. प्रौढ माणसाच्या कानाची नळी सात-आठ मिलिमीटर रुंद आणि सुमारे २५ मिलिमीटर लांब असते, त्यामुळे टोकावर मऊ टिप चढवायला जागा उरते. मायक्रोफोनची नळी स्पीकरांच्या तोंडापेक्षा दोन-तीन मिलिमीटर पुढे काढा. स्पीकरच्या तोंडाशी अगदी लगत आवाज एकसारखा पसरलेला नसतो, आणि तिथे ठेवलेला मायक्रोफोन कानातल्या दाबापेक्षा शेजाऱ्याची बडबडच जास्त ऐकतो.

आता या पायरीवर जरा रेंगाळू, कारण इथेच बहुतेकांचं फसतं.

एका टोकाला बंद असलेली नळी तिच्या लांबीच्या चौपट तरंगलांबीला घुमते. हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरा. मायक्रोफोनची नळी २० मिलिमीटर लांब असेल तर ती सुमारे ४,३०० हर्ट्झला घुमेल, नेमकी आपल्या कामाच्या पट्ट्यात. १० मिलिमीटर असेल तर ८,६०० च्या आसपास, म्हणजे वाटेतून बाजूला. पण इतक्यावर सुटका होत नाही. मायक्रोफोनचं छिद्र आणि नळी यांच्यामध्ये रबराच्या वॉशरसाठी आपण जो खड्डा ठेवतो, तो घुमण्याची वारंवारिता खाली ओढतो. १ मिलिमीटर व्यासाची, ८ मिलिमीटर लांबीची नळी आणि समोर ५ घन मिलिमीटरचा खड्डा असेल, तर शिखर ६,४०० हर्ट्झच्या आसपास येतं. तोच खड्डा २० घन मिलिमीटरचा झाला, की शिखर ३,६०० वर. २० घन मिलिमीटर म्हणजे किती? पावणेतीन मिलिमीटरचा चौकोनी ठोकळा. वॉशर बसवायला ‘थोडी जागा असू दे’ म्हणत आपण सहज इतकी जागा सोडतो.

थोडक्यात, नळी आखूड, खड्डा शक्य तितका लहान, आणि स्पीकर-मायक्रोफोन टोकाच्या जवळ. छोट्या उपकरणाचा आग्रह नुसता खिशात मावण्यासाठी नसतो.

आणखी एक गोष्ट चित्र काढतानाच ठरवा. टोक आणि अंग वेगळे ठेवा, मधे बारीक ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी). कानात मळ असतो आणि तो छिद्रात जातोच. टोक वेगळं असेल तर बदलता येतं. शिवाय प्रयोग सगळे टोकावरच होतात. दहा टोकं छापाल तेव्हा एकदा अंग छापावं लागेल.

छपाई आणि धुणं

आधी चाचणीचा तुकडा. एका छोट्या ठोकळ्यात ०.८ पासून १.५ मिलिमीटरपर्यंत ०.१ च्या फरकाने छिद्रं काढा आणि तुमच्या रेझिनमध्ये, तुमच्या सेटिंगवर छापा. मग ड्रिल बिटचे गुळगुळीत दांडे घालून पाहा. १ मिलिमीटरच्या छिद्रात ०.९ चा दांडाही अडला, तर चित्रात छिद्र त्या हिशेबाने मोठं करा. हा तुकडा रेझिनची बाटली बदलली की पुन्हा छापायचा. कंटाळा येतो, मान्य आहे.

नळीचा अक्ष उभा ठेवून छापा. आडव्या नळीत वरच्या बाजूने प्रकाश पाझरतो आणि छिद्र चपटं होतं. सपोर्टचे (छपाईला आधार देणारे) पाय नळीच्या तोंडावर आणि ओ-रिंगच्या खाचेत येऊ देऊ नका. स्लायसर (चित्राचे छपाईसाठी थर पाडणारं सॉफ्टवेअर) आपोआप सपोर्ट टाकतो तेव्हा त्याला नेमक्या याच जागा आवडतात, म्हणून हाताने काढा. एक्सपोजर, म्हणजे प्रत्येक थरावर प्रकाश पडण्याचा वेळ, गरजेपेक्षा जास्त दिलं तर बारीक छिद्रं बुजतात. तुकडा किंचित मऊ निघाला तरी चालेल, नंतर पक्का करता येतो.

धुताना टोक नुसतं आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलवून भागत नाही. बोथट सुईची पिचकारी घ्या, प्रत्येक नळीतून स्वच्छ अल्कोहोल जोराने सोडा, मग हवा मारा, मग पुन्हा अल्कोहोल. शेवटी प्रत्येक नळीत मासेमारीची नायलॉनची दोरी किंवा गिटारची पातळ तार ओवून पलीकडून बाहेर काढा. ती तार ओवली जात नाही तोवर यूव्ही दिवा लावायचा नाही. (माझ्या टेबलावर ही तार आता कायमची लटकवलेली आहे.) हातात नायट्राइलचे मोजे हवेतच. कच्चं रेझिन त्वचेला लागत राहिलं तर ॲलर्जी जडते, आणि एकदा जडली की जात नाही.

कानाला काय लागू द्यायचं

छापलेलं काहीही थेट कानाच्या त्वचेला लागू देऊ नका. ‘जैवसुसंगत’ असं बाटलीवर लिहिलेलं असतं, पण तो दावा ठरावीक धुणं, ठरावीक दिवा आणि ठरावीक वेळ पाळून केलेल्या तुकड्यापुरता असतो. तुमच्या टेबलावर तयार झालेल्या तुकड्याला तो आपोआप लागू होत नाही. त्वचेला लागणाऱ्या वैद्यकीय साहित्याच्या चाचण्या आयएसओ १०९९३ या मानकमालेत दिल्या आहेत आणि त्या प्रयोगशाळेतच होतात. सोपा मार्ग म्हणजे बाजारात मिळणारी तयार टिप टोकावर चढवायची, आणि टोक टिपच्या आतच राहील इतकं आखूड ठेवायचं. टिप प्रत्येक माणसाला नवी.

कानात बसणारी श्रवणयंत्रांची कवचं थ्रीडी छपाईने होतात, मग आपण का नाही, असं कुणी विचारेल. तिथे साहित्य, धुणं, तपासणी, सगळं ठरलेल्या प्रक्रियेत बांधलेलं असतं. आपल्याकडे तूर्त ती प्रक्रिया नाही.

इथेच दुसरीही गोष्ट नोंदवून ठेवा. आपण बनवतोय ते शिकण्याचं आणि संशोधनाचं साधन आहे. त्यावरून कुणाला ‘तुमचा कान चांगला’ किंवा ‘वाईट’ सांगायचं नाही. वैद्यकीय उपकरण म्हणून पुढे न्यायचं झालं तर आयईसी ६०६४५ (सहावा भाग ओएईचा, पाचवा टिम्पॅनोमीटरचा), विद्युत सुरक्षेसाठी आयईसी ६०६०१-१, जोखमीच्या विचारासाठी आयएसओ १४९७१ आणि कामाच्या शिस्तीसाठी आयएसओ १३४८५ ही मानकं, शिवाय त्या त्या देशाचे नियम, नैतिक समितीची परवानगी आणि सोबत ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ), हे सगळं लागतं. सुरुवातीपासून एखादा ऑडिओलॉजिस्ट ओळखीचा असला तर निम्म्या चुका टळतात.

जोडणी

स्पीकर थेट प्लास्टिकमध्ये घट्ट बसवू नका. त्याचं अंग थरथरतं, ती थरथर प्लास्टिकमधून मायक्रोफोनपर्यंत जाते आणि हवेतल्या आवाजात मिसळते. मऊ सिलिकॉनच्या बाहीत गुंडाळून बसवा. खाच तशी अर्धा मिलिमीटर सैल ठेवावी लागते, म्हणून चित्र काढतानाच बाहीची जाडी मोजून घ्या. मायक्रोफोनलाही तसाच मऊ वॉशर, फक्त पातळ.

सायनोॲक्रिलेट, म्हणजे आपला झटपट चिकटवणारा गोंद, मायक्रोफोनच्या आसपास नको. त्याची वाफ छिद्रात शिरून मायक्रोफोनच्या पडद्यावर बसते. दोन भागांचं इपॉक्सी किंवा सिलिकॉन वापरा, तेही थेंबाथेंबाने, कारण पातळ गोंद स्पीकरच्या नळीत आपसूक ओढला जातो. मेम्स मायक्रोफोन सोल्डर केल्यावर बोर्ड धुऊ नका, फ्लक्स छिद्रात जातो. केबलला प्रोबच्या अंगावर क्लिप द्या आणि कपड्याला लावायला दुसरी. केबल कॉलरवर घासली की मायक्रोफोनला वादळ ऐकू येतं.

स्पीकरच्या तारेत मालिकेत एक रोधक (रेझिस्टर) घाला, इतका की संगणकाने पूर्ण जोर लावला तरी आवाज सुरक्षित मर्यादेत राहील. हे काम सॉफ्टवेअरवर सोडू नका. बंद कानात जागा फार थोडी असते, आणि हवेचं आकारमान निम्मं झालं की तोच स्पीकर जवळपास ६ डेसिबल मोठा वाजतो. मोठ्या माणसाच्या कानात ठीक वाटलेला सूर लहान कानात बराच मोठा होतो.

खोटे कान छापा

आता तराजू काढा. प्रोब खऱ्या कानात घालण्याआधी कठीण भिंतीच्या, माहीत असलेल्या आकारमानाच्या पोकळ्यांत तपासायचा. या पोकळ्या छापता येतात, आणि या सगळ्या उद्योगात प्रिंटरने सर्वांत जास्त पैसे वसूल केलेली हीच गोष्ट. २ घन सेंटिमीटरसाठी १४ मिलिमीटर व्यास आणि १३ मिलिमीटर खोली. अर्ध्या घन सेंटिमीटरसाठी ८ मिलिमीटर व्यास आणि ९.९५ खोली. टिम्पॅनोमीटरकडे वळाल तेव्हा ५ घन सेंटिमीटरची लागेल: १८ मिलिमीटर व्यास, १९.६५ खोली. तोंडाशी प्रोबची टिप घट्ट बसेल अशी खाच. भिंत निदान ३ मिलिमीटर, पूर्ण भरीव, रेझिनमध्ये.

चित्रातला आकडा खरा मानू नका. कोरडी पोकळी तराजूवर ठेवा, पिचकारीने काठोकाठ पाणी भरा आणि पुन्हा वजन करा. खोलीच्या तापमानाला १ घन सेंटिमीटर पाणी जवळपास १ ग्रॅम भरतं. २ च्या पोकळीत १.९ ग्रॅम पाणी बसलं, तर छपाई आकसली आहे किंवा तळाशी रेझिन साचलं आहे. बुडबुडा राहिला तरी असंच दिसतं, म्हणून तीनदा मोजा.

मग प्रोब लावा आणि २०० ते ८,००० हर्ट्झपर्यंत सूर सरकवत आलेख काढा. दोन गोष्टी पाहायच्या. खालच्या वारंवारितांना आलेख सपाट असला पाहिजे. तो तिथे घसरत असेल तर कुठेतरी हवा गळते. ओ-रिंग, टिप, वॉशर, याच क्रमाने तपासा. दुसरं, अर्ध्या घन सेंटिमीटरच्या पोकळीतून २ च्या पोकळीत गेल्यावर खालच्या वारंवारितांना आवाज साधारण १२ डेसिबलने उतरला पाहिजे, कारण आकारमान चौपट झालं. पाच-सहाच डेसिबल उतरत असेल, तर प्रोबच्या आत तुम्हाला माहीत नसलेली हवा लपली आहे. कॅडमधले आकडे उतरवून ठेवायला सांगितलं होतं ते यासाठी.

मायक्रोफोनच्या खऱ्या पातळीसाठी ध्वनी कॅलिब्रेटर लागतो. तो १,००० हर्ट्झला ९४ डेसिबल, म्हणजे १ पास्कल दाबाचा सूर देतो. विकत घेणं जमत नसेल तर काही तासांसाठी कुणाकडून मागून आणा. त्यात प्रोब बसवायचा अडॅप्टर छापणं हे अर्ध्या तासाचं काम.

पोकळीतली रिकामी मोजणी

दोन्ही सूर ठरल्या पातळीवर लावा, ३,२७९ आणि ४,००० हर्ट्झ, प्रोब पोकळीत. वारंवारिता पूर्णांकात ठेवल्या आणि बरोबर एक सेकंदाचे तुकडे घेतले, की प्रत्येक सूर वर्णपटाच्या (कोणत्या वारंवारितेला किती आवाज आहे ते दाखवणाऱ्या आलेखाच्या) आपापल्या खान्यात नेमका बसतो, बाजूला सांडत नाही. तुकड्यांची सरासरी काढा. वेळ दुप्पट केला की गोंगाट ३ डेसिबलने उतरतो, म्हणजे १६ सेकंदांत १२ डेसिबलने.

पोकळीला केसपेशी नाहीत, त्यामुळे २,५५८ हर्ट्झवर काहीही दिसता कामा नये. दिसलंच, तर तो तुमच्या यंत्राचा सूर. एका वेळी एकच स्पीकर वाजवून पाहा. तरीही दिसला तर ऑडिओ इंटरफेस किंवा दुसरंच काही वाजतंय. दोन्ही वाजवल्यावरच दिसला तर मायक्रोफोनवर भार जास्त होतोय, किंवा स्पीकर एकमेकांना थरथर पोचवताहेत. अशा वेळी सिलिकॉनची बाही मऊ करून पाहा. माझ्या तिसऱ्या प्रोबमध्ये दोन स्पीकर एकाच खाचेत पाठीला पाठ लावून बसले होते, आणि पोकळीत असा सुंदर सुळका येत होता की मी पोकळीलाच निरोगी म्हणून पास केलं असतं.

मग स्वतःचा कान

शांत खोली, पंखा बंद, खुर्चीत टेकून बसा. कानात मळ नाही, कान दुखत नाही, सर्दी नाही, हे आधी पाहा. मधल्या कानात द्रव साठला असेल तर आतला सूर बाहेर पोचतच नाही. टिप घट्ट बसली की खोलीचा आवाज एकदम दबतो, ते जाणवतं.

सॉफ्टवेअरला कानात पातळी आपोआप जुळवू देणार असाल तर एक सापळा ओळखून ठेवा. टोकापासून पडद्यापर्यंत अंतर २० मिलिमीटर असेल, तर ४,३०० हर्ट्झच्या आसपास परतून आलेली लाट टोकापाशी मूळ लाटेला खोडते. मायक्रोफोनला आवाज कमी दिसतो आणि सॉफ्टवेअर भाबडेपणाने स्पीकर वाढवत जातं. पडद्यापाशी मात्र आवाज आधीच पुरेसा असतो. म्हणून पोकळीत ठरलेल्या पातळीपेक्षा ठरावीक डेसिबलहून जास्त वाढवायचं नाही, अशी मर्यादा घाला. मी ६ ची घालतो.

आधी आवाज अगदी हळू ठेवून सूर सोडा, मग ६५ आणि ५५ वर या. १६ सेकंद गिळू नका, खोल श्वास घेऊ नका. अंगाचा आवाज बहुतेक खालच्या वारंवारितांना असतो, त्यामुळे ४,००० ची मोजणी १,५०० च्या मोजणीपेक्षा खूप सोपी जाते, आणि सुरुवात तिथूनच करावी. २,५५८ च्या खान्यातली पातळी शेजारच्या खान्यांच्या गोंगाटापेक्षा निदान ६ डेसिबल वर असेल, तर सूर आहे असं समजतात.

सूर आला म्हणजे त्या वारंवारितेच्या भागातल्या बाह्य केसपेशी काम करताहेत. ऐकू किती येतं हे त्यातून कळत नाही, आणि त्यापुढची नस बरी आहे की नाही तेही नाही. सूर आला नाही तर कान बिघडला असं म्हणण्याआधी टिप काढून छिद्रं पाहा, बहुतेकदा तिथे मळ असतो.

आणि सुळका दिसला, की खुर्चीतून उठण्याआधी प्रोब कानातून काढा, काहीही न बदलता २ च्या पोकळीत लावा आणि तीच मोजणी पुन्हा घ्या. सुळका गेला पाहिजे. गेला, तर टोकाचा आवृत्ती क्रमांक, रेझिन, एक्सपोजर आणि दोन्ही आलेख वहीत एकाच पानावर चिकटवा. नाही गेला, तर सिलिकॉनच्या बाहीकडे परत.